घरचं शुगर मीटर आणि लॅबचा रिपोर्ट: आकडे जुळत नसतील तर काय काय तपासायचं

लॅबच्या रिपोर्टमध्ये फास्टिंग १२४ आणि त्याच सकाळी घरच्या मीटरवर १४१. आता यातलं खरं कुठलं? ज्या घरात शुगर मोजतात तिथे हा प्रश्न कधी ना कधी येतोच, आणि मग एक तर मीटर कपाटात जाऊन पडतं किंवा लॅबवाल्यांना शिव्या बसतात. थांबा जरा. वरचे दोन्ही आकडे बरोबर असू शकतात, कसे ते पुढे बघूच. माझ्या मते ‘मीटर बोगस आहे’ म्हणणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारी तुलना चुकीची केल्यामुळे असतात, म्हणजे वेळ वेगळी, रक्त वेगळ्या जागचं, मधे काहीतरी खाल्लेलं, आणि तरी आकडा सेम यावा ही अपेक्षा.

(या लेखातले सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. तुमचं मीटर मिलिमोल दाखवत असेल तर त्या आकड्याला १८ ने गुणा.)

मीटरला किती सूट आहे ते आधी बघा

घरी वापरायच्या मीटरसाठी आयएसओ १५१९७ असं एक आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, २०१३ चं. त्यात साधारण असं म्हटलंय की शुगर १०० च्या खाली असेल तर मीटरचा आकडा लॅबच्या आकड्यापेक्षा फार तर १५ ने कमीजास्त चालेल, आणि १०० किंवा त्याच्या वर असेल तर १५ टक्क्यांनी कमीजास्त चालेल, आणि हे १०० पैकी किमान ९५ रीडिंगमध्ये जमलं पाहिजे. त्याआधीचा २००३ चा नियम तर आणखी सैल होता, ७५ च्या वर २० टक्के सूट. अमेरिकेच्या एफडीएचं (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर लक्ष ठेवणारी तिथली सरकारी संस्था) गणित थोडं वेगळं आहे, तिथे कमी शुगरलाही टक्केवारीच लावतात, ९५ टक्के रीडिंग १५ टक्क्यांच्या आत आणि ९९ टक्के रीडिंग २० टक्क्यांच्या आत.

आता हेच आकड्यांत मांडून बघा. लॅबमध्ये २०० असेल तर मीटरने १७० पासून २३० पर्यंत काहीही दाखवलं तरी ते पास. ३०० असेल तर २५५ ते ३४५. लॅब ८० असेल तर ६५ ते ९५. आणि सुरुवातीचं १२४ आणि १४१? फरक १७ चा, १२४ च्या मानाने साधारण १४ टक्के, म्हणजे तेही पास.

दुसरी गोष्ट म्हणजे हे ९५ टक्के आहे, १०० नाही. म्हणजे चांगल्या, नियमात बसणाऱ्या मीटरचंही वीसातलं एखादं रीडिंग या हद्दीच्या बाहेर जाऊ शकतं. त्यामुळे एका विचित्र आकड्यावरून मीटर फेकून देऊ नका, आणि एका जुळलेल्या आकड्यावरून डोळे झाकून विश्वासही ठेवू नका.

मुळात दोघं वेगळी गोष्ट मोजतात

लॅबमध्ये हाताच्या शिरेतून रक्त घेतात, ते मशीनमध्ये फिरवून त्यातल्या पेशी खाली बसवतात आणि वरचा जो पिवळसर द्रव असतो, प्लाझ्मा, त्यातली शुगर मोजतात. बहुतेक ठिकाणी हेक्सोकायनेज नावाची पद्धत असते. मीटरवर मात्र बोटाच्या टोकाचा इवलासा थेंब जातो, साधारण १ मायक्रोलिटर किंवा त्याहूनही कमी, पेशींसकट. स्ट्रिपवर एक एन्झाइम लावलेलं असतं, त्याची शुगरशी रिअॅक्शन होऊन बारीकसा करंट तयार होतो आणि त्या करंटवरून मीटर काही सेकंदांत आकडा काढतं. एवढ्याशा थेंबात, एवढ्याशा वेळात, स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून हे होतंय म्हटल्यावर १५ टक्के सूट मला तरी फार वाटत नाही.

पेशींसकट रक्तातली शुगर ही प्लाझ्मातल्या शुगरपेक्षा १०-१२ टक्के कमी भरते, कारण तांबड्या पेशींमध्ये पाण्याचं प्रमाण कमी असतं आणि शुगर पाण्यात विरघळलेली असते. पूर्वीची बरीच मीटर थेट पूर्ण रक्ताचा आकडा दाखवायची, त्यामुळे ती लॅबपेक्षा कायम कमी वाटायची. आता जवळपास सगळी मीटर आतल्या आत हिशेब करून प्लाझ्माच्या बरोबरीचा आकडा दाखवतात (त्यासाठी १.११ ने गुणायची पद्धत २००५ च्या सुमारास ठरली). स्ट्रिपच्या पत्रकावर ‘प्लाझ्मा कॅलिब्रेटेड’ असं काहीतरी लिहिलेलं असतं ते बघून घ्या. हे मुद्दाम सांगायचं कारण, काही जण कुठलंतरी जुनं वाचून मीटरच्या आकड्यात स्वतःच ११-१२ टक्के मिळवत बसतात. मिळवू नका, मीटरने ते आधीच केलेलं आहे.

मग बोट आणि शीर. उपाशीपोटी बोटातल्या आणि शिरेतल्या रक्तात शुगरचा फरक अगदी किरकोळ असतो. जेवल्यावर मात्र चित्र बदलतं. शुगर आधी बोटाच्या बारीक रक्तवाहिन्यांत पोचते, तिथले स्नायू आणि बाकीचा भाग त्यातली थोडी शुगर वापरून घेतात, आणि उरलेली शिरेत येते. म्हणून जेवणानंतर एक-दोन तासांच्या आसपास बोटाचा आकडा शिरेपेक्षा सहज २०-२५ टक्क्यांनी जास्त येऊ शकतो, काहींचा त्याहूनही जास्त. यात मीटरची काहीच चूक नाही, शरीरच तसं आहे. त्यामुळे पीपीच्या, म्हणजे जेवणानंतरच्या, रिपोर्टशी मीटर जुळवायच्या भानगडीत पडूच नका. तुलना करायची तर फास्टिंगचीच.

लॅबचा आकडाही दगडावरची रेघ नाही

हे सहसा कोणी सांगत नाही. ट्यूबमध्ये रक्त भरल्यावरही त्यातल्या पेशी जिवंत असतात आणि शुगर खात राहतात. नुसतंच साधं रक्त रूम टेंपरेचरला पडून राहिलं तर तासाला साधारण ५ ते ७ टक्के शुगर कमी होते. म्हणून शुगरसाठी राखाडी झाकणाची ट्यूब वापरतात, तिच्यात फ्लोराइड असतं. पण फ्लोराइडही लगेच काम करत नाही, ते पेशींचं शुगर खाणं पूर्ण थांबवायला एखाद-दोन तास घेतं, तेवढ्यात थोडी शुगर गेलेलीच असते. सँपल घरून कलेक्ट केलं असेल, मग तो माणूस आणखी चार घरं फिरून उन्हातून लॅबमध्ये पोचला असेल, तर रिपोर्टचा आकडा खऱ्यापेक्षा थोडा खाली असण्याची शक्यता आहे. आणि मग आपण म्हणतो, मीटर जास्त दाखवतंय! ज्यांच्या पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या असतात त्यांच्या सँपलमध्ये तर हे आणखी वेगाने होतं.

म्हणून तुलनेसाठी रक्त द्यायचं असेल तर शक्यतो स्वतः लॅबमध्ये जाऊन द्या, आणि शुगरसाठी राखाडी झाकणाची ट्यूब वापरताय ना आणि सँपल इथेच लगेच लावणार का हे सरळ विचारा. विचारायला लाजू नका, चांगल्या लॅबला या प्रश्नाचा राग येत नाही.

तरी डायग्नोसिस म्हणजे डायबेटीस आहे की नाही हे ठरवायचं असेल तर लॅबच. फास्टिंग १२६ किंवा वर, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २०० किंवा वर, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज देणारी टेस्ट) ६.५ टक्के किंवा वर, या सगळ्या रेषा लॅबच्या टेस्टसाठी आखलेल्या आहेत. घरच्या मीटरवर १३० दिसली म्हणून कोणी स्वतःला डायबेटीस जाहीर करू नये, आणि ११८ दिसली म्हणून सुटलो असंही समजू नये.

तुलना करायची योग्य पद्धत

आदल्या दिवशी मीटर, स्ट्रिपचा डबा आणि सुईचं पेन बॅगेत टाका. स्ट्रिपची एक्सपायरी बघा. घरी कंट्रोल सोल्युशन असेल तर आदल्याच दिवशी एकदा टेस्ट करून घ्या (त्याबद्दल खाली लिहिलंय). रात्रीच्या जेवणानंतर किमान ८ तास पाण्याशिवाय काही नको.

लॅबमध्ये पोचल्यावर आधी हात साबणाने धुवा आणि पूर्ण कोरडे करा. तिथे सिंक नसेल तर निघण्याआधी घरून धुवून निघालात हे पुरेसं नाही, वाटेत दहा ठिकाणी हात लागतात. मग शिरेतून रक्त घेतल्यावर लगेच, पाच-दहा मिनिटांच्या आत, बोट टोचून मीटरवर मोजा. लागोपाठ दोनदा मोजलं तर उत्तम, दोन्हींची सरासरी धरा. एकाच मिनिटात दोन रीडिंगमध्ये थोडासा फरक पडला तर तो नॉर्मल आहे.

इथे एक नेहमीचा मोह असतो, टेक्निशियनला सांगायचं की तुमच्या ट्यूबमधलाच एक थेंब माझ्या स्ट्रिपवर टाका, म्हणजे सेम रक्ताची तुलना होईल. ऐकायला बरोबर वाटतं पण करू नका. ट्यूबमधलं फ्लोराइड बऱ्याच स्ट्रिपच्या एन्झाइमशी गडबड करतं, आणि घरगुती मीटर बहुतेक करून बोटाच्या ताज्या रक्तासाठीच बनवलेली असतात. बोटाचाच थेंब वापरा.

मीटरचा आकडा आणि घड्याळातली वेळ दोन्ही कागदावर लिहून ठेवा, किंवा स्क्रीनचा फोटो काढा. रिपोर्ट आल्यावर गणित सोपं आहे: मीटर वजा लॅब, भागिले लॅब, गुणिले १००. लॅब १२० आणि मीटर १३४ असेल तर फरक १४, म्हणजे साधारण १२ टक्के, ठीक. लॅब १८० आणि मीटर २१५ असेल तर फरक ३५, म्हणजे १९ टक्क्यांच्या वर, हे हद्दीच्या बाहेर. आणि लॅब १०० च्या खाली असेल तर टक्के काढू नका, सरळ वजाबाकी करा, १५ च्या आत आहे का एवढंच बघा.

एका वेळच्या तुलनेवरून निकाल लावू नका. पुढच्या वेळी रक्त द्यायला जाल तेव्हा परत करा, त्याच्या पुढच्या वेळीही. दोन-तीन वेळा मीटर एकाच बाजूला आणि साधारण तेवढंच पुढेमागे असेल, समजा दरवेळी ८-१० टक्के जास्त, तर असं मीटर वापरायला काहीच हरकत नाही. पाच मिनिटं पुढे असलेल्या घड्याळावरही लोक वेळेवर ऑफिसला पोचतात. त्रास होतो तो कधी २० टक्के वर आणि कधी १५ टक्के खाली उड्या मारणाऱ्या मीटरचा, आणि तसं होत असेल तर मशीनपेक्षा आधी स्ट्रिप आणि स्वतःची पद्धत तपासा.

गडबड कुठे होते: हात, थेंब, स्ट्रिप

हात हे एक नंबरचं कारण. २०११ साली जपानमध्ये एक अभ्यास झाला, लोकांना संत्रं, द्राक्षं, किवी अशी फळं सोलायला लावली आणि मग न धुतलेल्या बोटाची शुगर मोजली. आकडे भलतेच वर आले. मजेची गोष्ट म्हणजे स्पिरिटने पुसल्यावरही आकडे वरच होते, नळाच्या पाण्याने धुतल्यावर मात्र नॉर्मल. कारण साधं आहे, थेंब एवढा छोटा असतो की बोटावर चिकटलेली कणभर शुगरही त्यात मिसळली की आकडा उडतो. म्हणून स्पिरिटच्या बोळ्यावर भागवू नका, पाणी आणि साबण. आणि धुतल्यावर हात नीट कोरडे करा, ओल्या बोटावर थेंबात पाणी मिसळतं आणि आकडा खाली येतो. स्पिरिट वापरलंच असेल तर ते पूर्ण उडून जाऊ द्या, मगच टोचा.

पहिला थेंब पुसायचा की नाही यावर खूप वाद चालतात. हात धुतलेले आणि कोरडे असतील तर पहिला थेंब चालतो. हात धुणं शक्यच नसेल, प्रवासात वगैरे, तर पहिला पुसून टाका आणि दुसरा वापरा. एवढंच आहे ते.

बोट जोरजोरात पिळू नका. पिळल्यावर रक्ताबरोबर आजूबाजूचं पाणीही बाहेर येतं आणि थेंब पातळ होतो. रक्त येत नसेल तर हात खाली सोडा, कोमट पाण्यात धरा, तळव्याकडून बोटाच्या दिशेने हलकं चोळत या. टोचताना बोटाच्या मधोमध नको, कडेला टोचा, दुखतं पण कमी. थेंब पुरेसा मोठा झाल्यावरच स्ट्रिपची कड त्याला लावा, स्ट्रिप स्वतःच रक्त ओढून घेते. अर्धवट भरली तर वरून दुसरा थेंब ढकलू नका (काही स्ट्रिपमध्ये चालतं, पण पत्रकात तसं लिहिलं असेल तरच), नवी स्ट्रिप घ्या. जीवावर येतं हे कळतं मला, स्ट्रिप स्वस्त नसतात, पण चुकीच्या आकड्याचा उपयोग काय.

काही मीटरमध्ये हाताच्या खालच्या भागातून, म्हणजे कोपर ते मनगट यामधून, रक्त घ्यायची सोय असते. शुगर स्थिर असताना ठीक, पण जेवल्यावर, व्यायामानंतर किंवा शुगर कमी झाल्यासारखी वाटत असताना तिथला आकडा मागे पडलेला असतो. तेव्हा बोटच.

आता स्ट्रिप. स्ट्रिपवरचं एन्झाइम ओलाव्याने आणि उष्णतेने खराब होतं. डब्यात ओलावा शोषणारा पदार्थ असतो म्हणून स्ट्रिप मूळ डब्यातच ठेवा, एक काढली की झाकण लगेच घट्ट लावा, चार स्ट्रिप कागदात गुंडाळून पाकिटात घेऊन फिरणं बंद करा. बाथरूममध्ये, गॅसजवळ, उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. बऱ्याच स्ट्रिप ३० डिग्रीच्या खाली ठेवायला सांगतात, आणि मोजताना खोलीचं तापमान साधारण १० ते ४० डिग्रीच्या मधे हवं असतं. म्हणून कुठून थंडीतून किंवा कडक उन्हातून आलात तर मीटर थोडा वेळ खोलीत राहू द्या. डब्यावरच्या तारखेशिवाय काही कंपन्यांची दुसरीही एक तारीख असते, डबा उघडल्यापासून इतके महिने, ती बारीक अक्षरात असते. डबा उघडला की त्यावर पेनाने तारीख टाकायची सवय लावा. जुन्या मीटरमध्ये डबा बदलला की कोड नंबर बदलावा लागतो, तो विसरला की आकडा चुकणारच. आणि कुणाच्या उरलेल्या, डबा फुटलेल्या, फार स्वस्तात मिळणाऱ्या अशा स्ट्रिप घेऊ नका.

कंट्रोल सोल्युशन

ही एक छोटी बाटली असते, त्यात ठरावीक शुगर असलेलं पाणी असतं, रक्ताऐवजी त्याचा थेंब स्ट्रिपला लावायचा आणि आकडा डब्यावर छापलेल्या रेंजमध्ये येतो का बघायचं. बाटली आधी हलवा, पहिला थेंब टाकून द्या, दुसरा वापरा. उघडल्यावर ती साधारण तीन महिने चालते. बाटली त्याच कंपनीची, त्याच मीटरसाठीची हवी. घरी साखर विरघळवून हा प्रयोग होत नाही, कारण आपली साखर म्हणजे सुक्रोज आणि स्ट्रिप ओळखते ग्लुकोज.

नवा डबा उघडल्यावर, मीटर पडल्यावर आणि आकडा पटत नाही असं वाटल्यावर ही टेस्ट करा. पण तिची मर्यादाही लक्षात घ्या. मीटर आणि स्ट्रिप एकमेकांशी नीट बोलतायत एवढंच त्यातून कळतं. तुमचे हात स्वच्छ होते का, तुमच्या रक्तात काही वेगळं आहे का, हे त्यात येत नाही.

रक्तच वेगळं असेल तर

हा भाग जरा नीट वाचा, कारण इथे मीटर, स्ट्रिप, हात सगळं चांगलं असूनही आकडा चुकतो. रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण किती आहे याला हिमॅटोक्रिट म्हणतात. ते कमी असेल, म्हणजे हिमोग्लोबिन कमी झालंय, रक्तस्राव झालाय, डायलिसिस चालू आहे, अशा वेळी मीटर खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं. उलट पेशी जास्त असतील तर कमी दाखवतं. नवीन मीटरपैकी बरीच हे आपोआप सुधारून घेतात, तरी पत्रकात चालणारी रेंज दिलेली असते. तुमचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट काढा, त्यात हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही असतं, ते त्या रेंजमध्ये आहे का बघा. हिमोग्लोबिन खूप कमी असलेल्या माणसाला मीटर चांगली शुगर दाखवतंय आणि प्रत्यक्षात ती खाली गेलीय, ही सगळ्यात वाईट बाजू आहे.

ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम असलेल्या स्ट्रिपवर ऑक्सिजनचाही परिणाम होतो. रक्तात ऑक्सिजन खूप जास्त असेल, म्हणजे मास्क वगैरे लावलेला असेल, तर आकडा खाली येतो, खूप उंचीवर किंवा ऑक्सिजन कमी असताना वर जातो. व्हिटॅमिन सीची सलाइनमधून मोठी डोस घेतलेली असेल तर बऱ्याच मीटरवर खोटा जास्त आकडा येतो. आणि पोटातलं डायलिसिस करणाऱ्यांसाठी खास: आयकोडेक्स्ट्रिन असलेलं द्रावण वापरत असाल तर स्ट्रिपवर पीक्यूक्यू प्रकारचं एन्झाइम नाही ना हे डॉक्टरांकडून खात्री करून घ्याच. आयकोडेक्स्ट्रिनपासून शरीरात माल्टोज नावाची साखर तयार होते, ते एन्झाइम तिलाही ग्लुकोज समजतं, शुगर आहे त्यापेक्षा खूप जास्त दिसते, मग त्यावर इन्सुलिन दिलं जातं. यातून मृत्यूही झाले होते आणि २००९ मध्ये एफडीएने त्याबद्दल जाहीर इशारा दिला होता.

अंगात पाणी खूप कमी झालंय, बीपी पडलंय, हातपाय गार पडलेत, माणूस अर्धवट शुद्धीत आहे, अशा वेळी बोटाच्या थेंबावर अजिबात विसंबू नका. तिथे हॉस्पिटल आणि शिरेतलं रक्त.

फरक कुठे चालतो आणि कुठे नाही

२५० च्या जागी २८० दिसली तर निर्णयात फारसा फरक पडत नाही, दोन्ही जास्तच आहेत. ७० च्या आसपास मात्र तेवढाच फरक महाग पडतो. खरी शुगर ६० असताना मीटर ७५ दाखवू शकतं आणि आयएसओच्या हिशेबाने ते तरीही पास आहे! म्हणून इन्सुलिन किंवा शुगर खाली नेणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी घाम, थरथर, धडधड, गोंधळल्यासारखं होणं यातलं काही जाणवलं आणि मीटर ७५-८० म्हणतंय तर अंगाचं ऐका. १५ ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज किंवा साखर घ्या, १५ मिनिटांनी परत मोजा. आणि उलटही, काहीच त्रास नाही आणि मीटर अचानक ४२ किंवा ३९० दाखवतंय तर घाबरायच्या आधी हात धुवून नव्या स्ट्रिपवर परत मोजा. दुसऱ्यांदाही तसंच आलं तर मात्र ते खरं धरून चाला. स्क्रीनवर आकड्याऐवजी ‘लो’ किंवा ‘हाय’ असं आलं तर तो मीटरच्या मोजायच्या टोकाबाहेरचा आकडा आहे, बिघाड समजून दुर्लक्ष करू नका.

एचबीएवनसीशी जुळत नाही, त्याचं काय

मीटर कायम ११०-१२० दाखवतं आणि एचबीएवनसी ८ कशी काय आली, हा दुसरा हमखास प्रश्न. एचबीएवनसीवरून सरासरी काढायचं सूत्र असं: २८.७ गुणिले एचबीएवनसी, वजा ४६.७. म्हणजे ६ ला साधारण १२६, ७ ला १५४, ८ ला १८३. आता तुम्ही रोज फक्त सकाळीच मोजत असाल तर दिवसातला सगळ्यात सभ्य आकडा तेवढा दिसतो, जेवणानंतरचे डोंगर दिसतच नाहीत. आठवडाभर जेवणाआधी, जेवणानंतर दोन तासांनी आणि झोपताना असं आलटूनपालटून मोजून बघा, बहुतेक वेळा कोडं तिथेच सुटतं. त्यातूनही नाही सुटलं तर हिमोग्लोबिन बघा, लोहाची कमतरता असेल तर एचबीएवनसी उगाच जास्त येते आणि तांबड्या पेशी लवकर तुटत असतील तर कमी.

दंडावर लावायचा सेन्सर वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: तो रक्तातली शुगर मोजतच नाही, त्वचेखालच्या द्रवातली मोजतो, आणि ती रक्ताच्या काही मिनिटं मागे असते. शुगर वेगाने चढत-उतरत असताना त्याची बोटाशी किंवा लॅबशी तुलना करू नका, स्क्रीनवरचा बाण आडवा, म्हणजे शुगर स्थिर, असताना करा.

आणि खरंच मीटर चुकत असेल तर

हात धुतले, फास्टिंगला मोजलं, पाच-दहा मिनिटांच्या आत मोजलं, नवा डबा वापरला, रक्त नॉर्मल आहे, आणि तरी दोन-तीन वेळा फरक १५ टक्क्यांच्या बाहेर, मग मात्र मीटर किंवा स्ट्रिपवर शंका घ्यायला जागा आहे. कंट्रोल सोल्युशन लावून बघा. त्यातही रेंजबाहेर गेलं तर आधी दुसऱ्या लॉटच्या स्ट्रिप लावून बघा, बॅटरी बदला, स्ट्रिप घालायची फट कोरड्या मऊ कापडाने बाहेरून पुसा, आत काही खुपसू नका. तरी तेच असेल तर कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावा, मीटरचा सीरियल नंबर, स्ट्रिपचा लॉट नंबर, कंट्रोलचा आकडा आणि लॅब-मीटरच्या जोड्या तारीख-वेळेसकट समोर ठेवूनच लावा, नाहीतर ते तुम्हाला हात धुतले होते का इथूनच सुरुवात करायला लावतात. बऱ्याच कंपन्या असं मीटर बदलून देतात.

डॉक्टरांकडे जाताना नुसती वही नेऊ नका, मीटरच घेऊन जा, मेमरीतले आकडे आणि वेळा त्यांना थेट बघता येतात. मीटरची तारीख-वेळ बरोबर आहे ना हे घरूनच तपासून निघा, ती चुकलेली असेल तर फास्टिंग कुठली आणि जेवणानंतरची कुठली हेच कळत नाही. आणि मीटरचा घोळ मिटेपर्यंत त्याच्या आकड्यावरून इन्सुलिनची किंवा गोळीची डोस स्वतःच्या मनाने बदलू नका, तेवढ्यापुरतं दुसरं मीटर मागून आणा किंवा लॅबमध्ये मोजून घ्या.